वेगाची हौस आणि श्वासाचा हक्क

मोटारगाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये, पोलादी पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असे त्याचे नाव. गॅरेजातली मंडळी त्याला नुसते ‘कॅट’ म्हणून मोकळी होतात. इंजिनातून निघणारा विषारी धूर या डब्यातून जाताना पुष्कळसा निर्विष होतो आणि मग बाहेर पडतो. वेगवान गाड्यांचा शौक असलेल्या माणसाला मात्र हा डबा डोळ्यांत खुपतो. त्याला वाटते, धुराच्या वाटेत हा अडसर कशाला? मग तो मूळ डबा काढून त्या जागी बाजारात मिळणारा ‘हाय-फ्लो’, म्हणजे जास्त मोकळ्या वाटेचा डबा बसवतो. असे डबे तऱ्हेतऱ्हेचे मिळतात. त्यांतला कोणता घ्यावा?

हा प्रश्न मेकॅनिकचा. इतिहास शिकवणाऱ्याने त्यात कशाला पडावे, असे तुम्ही म्हणाल. आपल्या गावात शर्यतीची गाडी आहे कोणाकडे, असेही म्हणाल. दोन्ही शंका रास्त आहेत. पण थोडा धीर धरा. या डब्याचा जन्म ज्या कारणाने झाला ते कारण विसरून त्याची निवड करायला गेले, की माणूस हमखास फसतो. आणि त्या फसगतीची किंमत बहुधा गाडीवाला देत नाही. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस देतो. म्हणून ही हकीकत मुळापासून पाहू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस शहरात. साल १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जुलै महिन्याच्या २६ तारखेला शहरावर धुक्याचा असा काही पडदा उतरला, की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले आणि थोड्या अंतरावरचेही नीट दिसेना. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकासुद्धा काहींना आली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन तिथे तयार होत असे. तो कारखाना काही दिवस बंद ठेवला. तरी धुके आपले येतच राहिले.

शहरातल्या लोकांचे डोळे चुरचुरत होते, आणि तिकडे आसपासच्या मळ्यांत शेतकरी कपाळाला हात लावून बसले होते. पालेभाज्यांची पाने चंदेरी, तांबूस पडून वाळत होती. कीड नाही, रोग नाही, पाण्याची टंचाई नाही. मग हे झाले कशाने?

या कोड्याचा उलगडा केला आरी हागेन-स्मित या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. पॅसाडिना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत तो प्राध्यापक होता. अननसाला अननसाचा वास कशाने येतो, या विषयावर त्याचे काम चालले होते. फळाचा वास हवेतून पकडून तपासायचा, तशीच त्याने शहराची हवा पकडली आणि तपासली. मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पालक, बीट, ओट, लसूणघास अशी रोपे बंद खोलीत ठेवून त्यांवर पेट्रोलची वाफ आणि ओझोन वायू सोडला. मळ्यात दिसत होते तसेच डाग पानांवर उठले! १९५२ सालापर्यंत त्याने दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातले अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले, की त्यांतून ओझोन आणि इतर दाहक वायू तयार होतात. म्हणजे गुन्हेगार एखादा कारखाना नव्हता. ज्याच्या त्याच्या दारात उभी असलेली मोटार हीच मोठी गुन्हेगार होती. मोटारी बनवणाऱ्यांना हे पटायला वेळ लागला. मोटारी चालवणाऱ्यांना तर त्याहून जास्त लागला.

आता दुसरे पात्र येते, आणि ते नेमके वेगाच्या दुनियेतून येते, हे ध्यानात ठेवा. यूजीन हूद्री हा फ्रेंच इंजिनिअर, जन्म १८९२ चा. पहिल्या महायुद्धात तो रणगाड्यांच्या दलात लढला आणि जखमी झाला. त्याला शर्यतीच्या मोटारींचा मोठा नाद. १९२२ साली अमेरिकेत जाऊन तो इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतही पाहून आला. गाडी वेगाने पळवायची तर आधी पेट्रोल चांगले पाहिजे, हे त्याने ओळखले आणि तो त्याच्या मागे लागला. त्यातून जड तेलाचे उत्तम पेट्रोल करण्याची त्याची रीत निघाली. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे तिचा मोठा कारखाना सुरू झाला आणि महायुद्धात दोस्तांच्या विमानांना त्या पेट्रोलचा फार उपयोग झाला.

हूद्रीच्या रीतीचे मर्म होते उत्प्रेरक. उत्प्रेरक म्हणजे काय, तर लग्न जुळवणारा मध्यस्थ. तो मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना एकत्र आणतो, लग्न लावून देतो आणि स्वतः होता तसा बाजूला होऊन पुढच्या स्थळाच्या शोधाला लागतो. रसायनांच्या दुनियेत प्लॅटिनमसारखे धातू हेच काम करतात. एरवी जी क्रिया व्हायला फार मोठी उष्णता लागेल, ती त्यांच्या पृष्ठभागावर कमी उष्णतेत उरकते, आणि धातू खर्ची पडत नाही.

महायुद्ध संपल्यावर मोटारींच्या धुराने माणसांच्या फुप्फुसांचे काय होत असेल, याची चिंता हूद्रीला लागली. जो मध्यस्थ पेट्रोल तयार करतो, त्यालाच धूर स्वच्छ करायला का लावू नये? १९५० च्या सुमारास त्याने त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. १९५६ साली त्याला अशा धूरशोधक रचनेचे पेटंट मिळाले. आजच्या कन्व्हर्टरचा हा आजोबा. पाहा बरं, वेगवान गाड्यांच्या नादी लागलेल्या माणसानेच वेगवान गाड्यांवरचा हा ‘अडसर’ शोधून काढला!

पण हूद्रीचा डबा मोटारीवर टिकेना. त्याला कारण पेट्रोलमधले शिसे. १९२१ साली जनरल मोटर्स कंपनीत टॉमस मिजली याने शोध लावला होता, की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग किंचित मिसळले, तर इंजिन ठोके देत नाही. तेव्हापासून पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये शिसे आले. धुरातून जाणारे हे शिसे उत्प्रेरकावर थर धरते आणि त्याला निकामी करते. मध्यस्थाच्या तोंडाला कुलूप लागले म्हणा ना. हूद्री १९६२ साली वारला, तेव्हा त्याचा डबा मोटारीवर आलेला नव्हता.

तो आला कायद्याच्या रेट्याने. ३१ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेत स्वच्छ हवेचा नवा कायदा झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन ही दोन विषे १९७५ च्या नव्या गाड्यांत नव्वद टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत, असे त्यात बजावले होते. कारखानदारांनी मोठी ओरड केली. मुदत थोडी पुढे सरकली, आकडे थोडे सैल झाले. पण १९७५ च्या बहुतेक अमेरिकन गाड्या कन्व्हर्टर घेऊनच बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी १९७४ सालापासून पंपावर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे भाग झाले. अशा गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले, म्हणजे शिशाच्या पेट्रोलची जाड नळी आत जाऊच नये.

डब्याच्या आत काय होते, तेही पाहू. कॉर्निंग कंपनीच्या बॅगली, लॅकमन आणि लुइस या तिघांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी चिनीमातीसारख्या पदार्थाचे मधाच्या पोळ्यासारखे ठोकळे बनवण्याची युक्ती काढली. पोळ्यात हजारो बारीक नळ्या आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनमाचा अगदी पातळ लेप. धूर नळ्यांतून जातो, भिंतींना घासतो आणि सुधारतो. ही पोळ्याची रचना नीट ध्यानात ठेवा. आपल्या निवडीच्या प्रश्नाची किल्ली तिच्यातच आहे.

वेगाच्या शौकिनांनी या डब्याचे स्वागत कसे केले? शिव्यांनी. कॉर्व्हेट ही अमेरिकेची लाडकी वेगवान गाडी. १९७० साली तिच्या साध्यातल्या साध्या इंजिनाची ताकद ३०० अश्वशक्ती सांगितली जात असे. १९७५ साली ती १६५ वर आली. त्याच वर्षी तिला कन्व्हर्टर बसला होता आणि इंजिनाच्या दोन बाजूंच्या दोन धूरनळ्या एकत्र आणून त्या एकाच डब्यातून काढल्या होत्या. मग काय, सगळा दोष डब्याच्या माथी! खरे पाहता, १९७१ सालीच बिनशिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून इंजिनातला दाब कमी केलेला होता. १९७२ पासून तर ताकद मोजण्याची रीतच बदलली. पूर्वी उघडे इंजिन मोजत, आता सायलेन्सर, पंखा सगळे जोडून मोजू लागले. डब्यामुळेही थोडी ताकद गेली, नाही असे नाही. पण बराचसा खड्डा त्याच्या आधीच पडलेला होता. जो शेवटी आला, त्याच्यावर सगळ्यांचे खापर फुटले. इतिहासात असे पुष्कळदा होते.

मग लोकांनी पळवाटा काढल्या. कोणी डबा काढून तिथे सरळ नळी बसवली. कोणी आतले पोळे फोडून काढले आणि रिकामा डबा तसाच ठेवला, म्हणजे वरून पाहणाऱ्याला काही कळू नये. कोणी स्वस्त मिळते म्हणून फनेल लावून अरुंद तोंडातून शिशाचे पेट्रोल ओतले. सरकारने कायद्याची दोरी आवळली. १९७७ च्या दुरुस्तीने गॅरेजवाल्याला आणि १९९० च्या दुरुस्तीने खुद्द गाडीच्या मालकालाही हा डबा निकामी करायला बंदी झाली.

दरम्यान शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. पहिले डबे दोनच विषांवर चालत. नायट्रोजनची ऑक्साइडे सुटून जात. एंगलहार्ड कंपनीत जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही विषांवर चालणारा उत्प्रेरक तयार झाला. प्लॅटिनम, पॅलॅडियम यांच्या जोडीला त्यात ऱ्होडियम हा दुर्मिळ धातू आला. मात्र त्याची एक अट होती: इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण सांभाळले पाहिजे. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन हुंगणारा सेन्सर बॉश कंपनीने केला आणि स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियात पाठवायच्या १९७७ च्या गाड्यांत तो बसवला. सेन्सर हुंगतो, संगणक पेट्रोल कमीजास्त करतो, डबा तिन्ही विषे मारतो. आणि गंमत अशी, की धूर स्वच्छ ठेवण्यासाठी आलेल्या या काटेकोरपणानेच पुढे इंजिनांना गेलेली ताकद परत मिळवून द्यायला मोठा हातभार लावला. वेग आणि श्वास यांचे वैर जन्मजात नव्हते, ही गोष्ट इतिहासाने अशी सिद्ध केली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. हाय-फ्लो डबा निवडायचा तो कसा?

पुन्हा ते पोळे आठवा. एका चौरस इंचात किती घरे आहेत, यावर डब्याचा गुण ठरतो. कारखान्यातून आलेल्या गाडीत साधारण ४०० ते ६०० घरे असतात, काहींत ९०० सुद्धा. हाय-फ्लो डब्यात ती २०० किंवा १०० वर आणलेली असतात. शाळेतल्या मुलांनाही करता येईल असा हिशेब आहे. ४०० घरांच्या पोळ्यात इंचाच्या एका बाजूवर २० घरे बसतात. १०० घरांच्या पोळ्यात १०. म्हणजे प्रत्येक घराची रुंदी दुप्पट झाली. भिंतींची जाडी सोडून दिली, तर तेवढ्याच लांबीच्या आणि तेवढ्याच तोंडाच्या पोळ्यात धुराला होणारा विरोध सुमारे चौथाईवर येतो. पण त्याबरोबर धूर ज्या भिंतींना घासतो, त्यांचा पृष्ठभागही निम्मा होतो. मोकळी वाट मिळाली, पण काम करणारे हात निम्मे गेले. हा सौदा ज्याला कळला, त्याला अर्धे शास्त्र कळले.

सौदा सांभाळण्याच्या रीती आहेत. चिनीमातीच्या पोळ्याऐवजी पातळ धातूच्या पत्र्याचे पोळे घेतले, तर भिंती बारीक असल्यामुळे घरांची संख्या फार न घटवता वाट मोकळी होते. डब्याचे तोंड रुंद घेतले, तरी विरोध कमी होतो. लेपात मौल्यवान धातू किती आहे, हेही पाहावे लागते. स्वस्त डब्यात तोच हात आखडता घेतलेला असतो. वरचे पोलाद चकचकीत, आणि आत नाव सोनुबाई. डबा इंजिनापासून फार दूर बसवला, तर तो तापायला वेळ लागतो. सुमारे अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो कामाला लागत नाही. फार जवळ बसवला, तर अति उष्णतेने त्याचे आयुष्य घटते. इंजिन एखादी ठिणगी चुकवत असेल किंवा तेल जाळत असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटते आणि पोळे वितळते; मग नवा महागडा डबाही चार दिवसांत बाद.

आणि या सगळ्याच्या आधी एक साधा प्रश्न: अडथळा खरोखर डब्यातच आहे का? सेन्सरच्या भोकाला दाबमापक जोडून ते मोजता येते. जुना डबा वितळून तुंबलेला असेल, तर चांगल्या नव्या डब्याने गाडी खुलेल. तो धडधाकट असेल, तर कित्येकदा खरी अडचण दुसरीकडेच असते आणि डबा बदलून मिळतो तो नुसता आवाज. आवाज म्हणजे ताकद नव्हे, हे ढोल वाजवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

अमेरिकेने या बाबतीत दोन पायऱ्या चढल्या. १९८६ साली तिथल्या पर्यावरण खात्याने बाजारातल्या बदली डब्यांना अट घातली, की २५,००० मैल चालल्यावरही त्यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन ७० टक्के, तर नायट्रोजनची ऑक्साइडे ३० टक्के मारली पाहिजेत. १९९६ पासून गाडीत डब्याच्या पलीकडे दुसरा सेन्सर आला. डबा काम करीत नाही, असे दिसताच तो चालकासमोर दिवा पेटवतो. काही लोक त्या सेन्सरखाली लहानशी नळी घालून त्याला फसवतात. चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधण्यातलाच हा प्रकार. २००९ पासून कॅलिफोर्नियाने नियम कडक केले. ज्या इंजिनावर तपासून मंजुरी मिळाली, त्याच्यासाठीच तो डबा विकायचा आणि मंजुरीचा क्रमांक डब्यावर ठोकलेला असायचा. म्हणून तिथला जाणता गिऱ्हाईक आधी क्रमांक पाहतो, मग घरे मोजतो, आणि किंमत शेवटी विचारतो.

आपल्याकडे हा डबा आला १ एप्रिल १९९५ रोजी. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचे पेट्रोल आले. १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरियाने ते बंद केले. मिजलीच्या शोधाला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. आता मोटारसायकलीच्या सायलेन्सरमध्येही असे पोळे असते.

इथे हा विषय गावाच्या वेशीपाशी येऊन पोचतो. शर्यतीची गाडी गावात नसेल, पण मोटारसायकल आहे, आणि पुंगळी काढून फटफटाट करीत शाळेसमोरून जाणारी पोरेही आहेत. मूळचा सायलेन्सर काढून बाजारातली पोकळ नळी लावली, की आवाजाबरोबर ते पोळेही जाते. आवाज आपल्याला ऐकू येतो म्हणून आपण चिडतो. गेलेले पोळे दिसत नाही म्हणून गप्प बसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली आवाज आणि हवेचे प्रदूषण या दोन्हींबद्दल शिक्षा आहे. पण शिक्षकांनी वर्गात कलम सांगण्यापेक्षा लॉस एंजेलिसच्या मळ्यातली ती वाळलेली पालकाची पाने सांगावीत. मुलांना ती लवकर कळतील.

वेगाची हौस वाईट नाही. हूद्रीला ती होती म्हणूनच हा डबा जन्माला आला. प्रश्न एवढाच, की हौस आपली आणि धूर दुसऱ्याच्या नाकात, असे होता कामा नये. आपल्या घराचे धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीत काढणाऱ्याला गाव नावे ठेवते. मोटारीच्या धुराड्यालाही तोच न्याय लावायला हवा. ज्याला मोकळ्या वाटेचा डबा घ्यायचा आहे, त्याने तो खुशाल घ्यावा. मात्र कायद्याने मंजूर केलेला, आपल्या इंजिनासाठी तपासलेला आणि खरोखर काम करणारा घ्यावा. गाडीची ताकद किती वाढली, हे मालक मोजेल. रस्त्याकडेच्या पोराला मोजता येत नाही. तो फक्त श्वास घेतो. त्याच्या वतीने मोजणारा तो डबा गाडीखाली शाबूत राहावा, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.